झडतीचा हिशेब: काही फोनवर, काही बांधावर

वाशीम जिल्ह्यातल्या शेलूबाजारच्या उपबाजारात ऑक्टोबरमध्ये एखाद्या शेतकऱ्याला विचारलं, सोयाबीनला एकरी किती झडती (उतारा) लागली, तर उत्तर तयार असतं. माल अजून ट्रॉलीत असतो, काट्याची पावती खिशात असते, मळणीयंत्रवाल्याचे पैसे नुकतेच चुकते झालेले असतात. हाच प्रश्न पुढच्या उन्हाळ्यात विचारला तर तो जरा थांबतो. मधल्या काळात तूर निघाली, हरभरा निघाला, घरात एखादं लग्न झालं, सोयाबीन तीन टप्प्यांत विकलं गेलं. आता आठवतं ते ‘सहा-सात क्विंटल’ असं गोल होऊन आठवतं. कोणत्या वावरात किती, हे निसटलेलं असतं. निंदणाला किती बाया किती दिवस होत्या, हे तर पार पुसलेलं असतं.

ही अडचण शेतीच्या मोठमोठ्या पाहण्यांच्या मुळाशी आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७७ व्या फेरीत शेतकरी कुटुंबांच्या परिस्थितीची देशभर पाहणी झाली. शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये, हा आकडा तिच्यातूनच आला आणि आजही भाषणांत नि अग्रलेखांत तोच वापरला जातो. या पाहणीत एका कुटुंबाला दोन भेटी दिल्या गेल्या. जुलै ते डिसेंबर २०१८ या काळातल्या शेतीची माहिती जानेवारी ते ऑगस्ट २०१९ दरम्यानच्या पहिल्या भेटीत विचारली गेली. म्हणजे ज्या घरी प्रगणक ऑगस्टमध्ये पोचला, त्या घराला तेरा महिन्यांपूर्वीच्या पेरणीचं बियाणं, खत आणि मजुरी आठवून सांगायची होती. पाहणी करणाऱ्यांचा यात हलगर्जीपणा नव्हता. देशभरातल्या हजारो गावांत माणूस पाठवायचा तर दोन भेटींपलीकडे जाणं खर्चाला झेपत नाही. पण शेती वर्षभर चालते आणि तिचा हिशेब दोनदा विचारला जातो, ही दरी त्यात राहतेच.

फोनने ही दरी बरीचशी भरून काढता येते, असा आता जगभरचा अनुभव आहे. मात्र माणूस पाठवणं बंद करून फोनवर भागवायचं ठरवलं, तर आजवर जे नीट मोजलं जात होतं तेही हातचं जाईल. कोणती गोष्ट विसरली जाते आणि कोणती गोष्ट मुळातच डोळ्यांनी पाहून, फीत लावून मोजावी लागते, याची वाटणी आधी करावी लागते. ही वाटणी कशी करायची ते समजून घ्यायला शेलूबाजारसारखी दुसरी जागा शोधूनही सापडणार नाही, कारण मोजणं आणि वारंवार विचारणं या दोन्ही पद्धती वऱ्हाडच्याच मातीत घडल्या आहेत.

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. मंगरूळपीर तालुका आणि त्यातलं शेलूबाजार तोवर अकोला जिल्ह्यातच होतं. १९४० च्या दशकाच्या पूर्वार्धात याच अकोला जिल्ह्यात पानसे आणि कळमकर या दोन संख्याशास्त्रज्ञांनी कापसाच्या उत्पादनाचा अंदाज काढण्याचा एक नवा प्रयोग केला. तोवरची रीत नजरअंदाजाची होती. गावच्या कामगाराने शिवारावर नजर टाकायची आणि यंदा पीक किती आणे, ते कळवायचं. नव्या पद्धतीत गाव चिठ्ठी टाकल्यासारखं निवडायचं, त्या गावातलं शेत तसंच, आणि त्या शेतातला तुकडासुद्धा तसाच. चांगलं उभं पीक पाहून जागा ठरवायची नाही, वाईटही पाहून नाही. मग त्या तुकड्यातला कापूस वेचून तोलायचा. आज खरिपात कृषी सहायक आणि तलाठी जो पीक कापणी प्रयोग करतात, त्याचा एक धागा थेट इथवर येतो.

तुकडा केवढा असावा यावर त्या काळी मोठा वाद झाला. बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस छोटे गोल तुकडे कापत होते, कारण त्यात वेळ वाचतो आणि जास्त जागी मोजता येतं. साताऱ्याच्या बुध गावात जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी याला ठाम आक्षेप घेतला. तुकडा लहान असला की त्याच्या क्षेत्राच्या मानाने कडेची लांबी जास्त होते. कडेवरचं झाड आत धरायचं की बाहेर, अशी शंका आली की कापणाऱ्याचा हात ते आत घेतो. त्यामुळे छोट्या तुकड्यातून येणारं उत्पादन खऱ्यापेक्षा फुगलेलं निघतं, हे त्यांनी प्रत्यक्ष प्रयोगांनी दाखवलं आणि १९४६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात मांडलं. आपल्याकडे सोयाबीनसाठी १० मीटर बाय ५ मीटरचा तुकडा आखतात. म्हणजे ५० चौरस मीटर, हेक्टरचा दोनशेवा भाग. त्या तुकड्यात फक्त १०० ग्रॅम दाणे जास्त आले तर हेक्टरी अंदाज २० किलोंनी वाढतो. दोरी ताणून बांधली की सैल सोडली, यावर अख्ख्या महसूल मंडळाच्या विमा भरपाईचा आकडा हलू शकतो. हे काम फोनवर होण्यासारखं नाही, आणि पुढेही होणार नाही.

दुसरी पद्धत वारंवार विचारण्याची. तिचं घर म्हणजे मूर्तिजापूर तालुक्यातलं कानझरा. हैदराबादजवळच्या ‘इक्रिसॅट’ या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने १९७५ मध्ये सहा गावं निवडली: अकोला जिल्ह्यातली कानझरा आणि किनखेड, सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर आणि कलमण, आणि त्या वेळच्या आंध्र प्रदेशातल्या महबूबनगर जिल्ह्यातली औरेपल्ले आणि दोकूर. प्रत्येक गावात चाळीस कुटुंबं घेतली, त्यांतली दहा भूमिहीन मजुरांची आणि तीस लहान, मध्यम व मोठ्या शेतकऱ्यांची. शेतीचं शिक्षण घेतलेला, खेड्यात वाढलेला तरुण त्या गावात राहायलाच गेला. दर तीन-चार आठवड्यांनी तो प्रत्येक घरी जाऊन कुठल्या वावरात काय काम झालं, मजुरी किती दिली, काय विकलं, काय उसनं घेतलं, ते लिहून घेत असे. हे वर्षानुवर्षं चाललं. रॉबर्ट टाऊनसेंड या अर्थशास्त्रज्ञाचा १९९४ चा एक गाजलेला अभ्यास, दुष्काळात किंवा आजारपणात गावातली माणसं एकमेकांना किती सावरून धरतात यावरचा, याच गावांच्या वह्यांवर उभा आहे. जगभरच्या विद्यापीठांत अर्थशास्त्राचे विद्यार्थी कानझऱ्याचं नाव वाचतात. वऱ्हाडात मात्र त्याबद्दल क्वचितच कोणी बोलतं, याची मला खंत वाटते.

कानझऱ्याच्या वह्यांचं सामर्थ्य एकाच गोष्टीत होतं. आठवण ताजी असताना विचारलं गेलं होतं. पण सहा गावांत प्रत्येकी एक माणूस बसवणं आणि साऱ्या राज्यात प्रत्येक मंडळात एक माणूस बसवणं यात फार मोठा फरक आहे. म्हणून कानझरा कानझऱ्यापुरतंच राहिलं. फोनचं महत्त्व इथे आहे. दर आठवड्याला घरी जाणं परवडत नसेल, दर आठवड्याला दहा मिनिटं बोलणं परवडू शकतं.

याची नेमकी परीक्षा टांझानियात मारा प्रदेशात २०१४ मध्ये झाली. शेतकरी कुटुंबांचे गट पाडले. काहींकडे दर आठवड्याला माणूस गेला, काहींना दर आठवड्याला फोन केला, आणि काहींना नेहमीच्या पाहणीप्रमाणे हंगाम संपल्यावर एकदाच विचारलं. एकेका माणसाने एकेका वावरात किती तास काम केलं, याचा हंगामानंतर सांगितलेला आकडा आठवड्याच्या नोंदींपेक्षा चौपटीपर्यंत जास्त निघाला. गंमत अशी की अख्ख्या घराची बेरीज केली तर फरक बराच कमी व्हायचा. लोक एका माणसाचे तास वाढवून सांगत होते, आणि त्याच वेळी थोडे दिवस राबलेली मुलं, पाहुणे, दूरचं एखादं वावर, हे विसरत होते. दोन चुका उलट्या दिशेने जाऊन एकमेकींना झाकत होत्या. बेरीज ठीक दिसली म्हणून माहिती खरी असते असं नाही, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. आणि फोनवरून आलेल्या आठवडी नोंदी घरी जाऊन घेतलेल्या नोंदींच्या जवळच होत्या.

हे आपल्या कापसाला लावून पाहा. कापसाची वेचणी एकदा होत नाही. पहिली वेचणी दिवाळीच्या आसपास, मग दुसरी, तिसरी, जानेवारीपर्यंत. वेचणाऱ्या बायांना किलोमागे मजुरी. प्रत्येक वेचणीला दर वेगळा, बाया वेगळ्या, निघालेला कापूस वेगळा. मार्चमध्ये ‘वेचणीला एकूण किती खर्च आला’ असं विचारलं तर शेतकरी शेवटच्या, चढ्या दराने सगळ्या वेचण्यांचा गुणाकार करून सांगतो, किंवा पहिल्या भरघोस वेचणीचाच आकडा धरतो. दर आठवड्याला फोन असेल तर प्रश्न साधा होतो: या आठवड्यात वेचणी झाली का, किती किलो, काय दराने?

फोनवरच्या पाहण्यांना खरा रेटा मिळाला तो मार्च २०२० नंतर. टाळेबंदीत प्रगणक घराबाहेर पडू शकत नव्हते. जागतिक बँकेच्या मदतीने इथिओपिया, मलावी, नायजेरिया, युगांडा अशा देशांत दर महिन्याच्या फोन पाहण्या सुरू झाल्या. त्या इतक्या पटकन उभ्या राहिल्या याचं कारण असं की आधीच्या प्रत्यक्ष पाहण्यांत त्या घरांचे फोन नंबर लिहून ठेवलेले होते. आपल्याकडेही केंद्राच्या श्रमबल पाहणीत शहरी कुटुंबाला पहिली भेट प्रत्यक्ष आणि पुढच्या फेऱ्यांतली बहुतेक माहिती फोनवर, अशी रीत त्या काळात रुळली. दोन्हीकडे क्रम तोच होता: आधी माणूस उंबऱ्यावर गेला, मग फोन वाजला.

आफ्रिकेतल्या त्या फोन पाहण्यांनी एक सावधगिरीही शिकवली. फोनवर जी घरं सापडली ती सरासरीपेक्षा बऱ्या परिस्थितीतली होती, आणि घरातून बोलणारं माणूस बहुधा कुटुंबप्रमुख किंवा त्याची बायको असे. जुन्या प्रत्यक्ष पाहणीतल्या माहितीच्या आधारे गरीब घरांना जास्त वजन देऊन हा कल कमी करता आला, पण पूर्ण काढता आला नाही. आपल्याकडे याचा अर्थ काय होतो ते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीतून दिसतं. देशाच्या ग्रामीण भागात स्वतः वापरते असा मोबाइल असलेल्या स्त्रिया ४६.६ टक्के होत्या. निंदण, वेचणी, सोंगणीतलं अर्ध्याहून अधिक काम जिच्या हातचं, तिच्यापर्यंत नवऱ्याच्या किंवा मुलाच्या फोनवरून पोचावं लागतं. मग उत्तरही बरेचदा तोच देतो. ‘घरच्या बाईमाणसाने किती दिवस काम केलं’ या प्रश्नाला पुरुषाने दिलेलं उत्तर आणि तिने स्वतः दिलेलं उत्तर एकच असेल, असं गृहीत धरणाऱ्या पाहणीवर माझा विश्वास बसत नाही.

प्रत्यक्ष भेटीलाही तिचा स्वतःचा कल असतो, हे विसरू नये. रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८३ मध्येच लिहून ठेवलं होतं की खेड्याचा अभ्यास करणारा माणूस डांबरी रस्त्याच्या कडेची गावं पाहतो आणि पावसाळा टाळून जातो. शेलूबाजारजवळ आता समृद्धी महामार्गाचा इंटरचेंज आहे. नागपूरहून सकाळी निघालेली गाडी इथे उतरून, रस्त्यालगतच्या दोन गावांत प्रश्नावल्या भरून संध्याकाळी परत जाऊ शकते. मग आडबाजूचं गाव, बंजारा तांडा, नाल्यापलीकडची वस्ती राहून जाते. तांड्यावर तर भाषेचाही प्रश्न असतो. गोरमाटीत सहज सांगितलं जातं ते मराठीतल्या छापील प्रश्नाला मिळत नाही. फोनला रस्त्याची अडचण नाही, पण रेंजची आहे. आणि फोन एक गोष्ट अशी करतो जी प्रगणकाला जमत नाही: कुटुंब कामासाठी पुण्या-मुंबईकडे किंवा वीटभट्टीवर गेलं असेल तर घराला कुलूप असतं, फोन मात्र त्यांच्याबरोबर गेलेला असतो.

आता हे सगळं एका वर्षात कसं बसवायचं? समजा शेलूबाजार मंडळातल्या काही गावांमधून तीनेकशे घरं चिठ्ठीपद्धतीने निवडली आहेत.

पहिली भेट मेच्या अखेरीस, मृगाच्या आधी. माणूस घरी सापडतो, बोलायला वेळ असतो. या भेटीत घराकडची सगळी वावरं लिहायची. सातबाऱ्यावर असलेली, आणि बटईने किंवा मक्त्याने केलेलीसुद्धा. मग प्रत्येक वावराच्या धुऱ्याने चालत जाऊन जीपीएसने क्षेत्र मोजायचं. सांगितलेल्या क्षेत्रावर का भागत नाही याचं उत्तर युगांडातल्या अभ्यासात मिळतं. तिथे लहान शेतकरी आपली जमीन खऱ्यापेक्षा जास्त सांगत होते आणि मोठे शेतकरी कमी. लहान शेतकऱ्याचं एकरी उत्पादन त्यामुळे खऱ्याहून कमी दिसतं आणि मोठ्याचं जास्त, आणि मग धोरणं त्याच चुकीवर आखली जातात. आपल्याकडेही एकोणचाळीस गुंठ्यांचं वावर बोलण्यात ‘एकर’ असतं, आणि भावाभावांत वाटलेल्या जमिनीची खरी हद्द धुऱ्यावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

याच भेटीत पोतं तोलायचं. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण फोनवरचा सगळा हिशेब तिच्यावर उभा आहे. ऑक्टोबरमध्ये शेतकरी फोनवर सांगेल, बावीस पोती झाली. त्याच्या घरचं पोतं भरल्यावर किती किलोचं होतं, हे घराघरात, गावागावात वेगळं असतं. कोणी पन्नासचा कट्टा धरतो, कोणी त्याहून मोठा. भेटीत त्या घरचं भरलेलं पोतं काट्यावर ठेवून आकडा लिहिला, की पुढे वर्षभर पोत्यांत सांगितलेलं उत्तर किलोत बदलता येतं.

पेरणीनंतर पहिला फोन. पेरणी कोणत्या तारखेला, बियाणं घरचं की विकतचं, उगवण कशी. जूनमध्ये पाऊस येऊन मग दडी मारली की दुबार पेरणी होते. वर्षअखेर विचारलं तर दोन वेळचं बियाणं एकात मिसळतं आणि शेतकऱ्याचं खरं नुकसान आकड्यातून गायब होतं. फोन वेळेवर असेल तर पहिली पेरणी, ती मोडल्याची तारीख आणि दुसरी पेरणी वेगवेगळी नोंदली जाते. नंतर दर आठ-पंधरा दिवसांनी छोटा फोन: डवरणी, निंदण, फवारणी, कोणी काम केलं, मजुरी किती. प्रश्न मोजकेच हवेत. पंधरा-वीस मिनिटांपलीकडे फोन गेला की उत्तरं घाईची होतात. तारीख आठवत नसेल तर पोळ्याच्या आधी की नंतर, महालक्ष्म्यांच्या वेळी की घटस्थापनेला, असं विचारावं. इथली माणसं काळ तसाच मोजतात. मागच्या फोनला काय सांगितलं होतं त्याची आठवण करून दिली तर तीच फवारणी दुसऱ्यांदा मोजली जात नाही.

फोनमुळे भेटीची वेळही कळते. २०२३ मध्ये विदर्भातल्या सोयाबीनवर पिवळ्या मोझॅकने घाला घातला. पानं पिवळी पडायला कधी सुरुवात झाली हे शेतकऱ्याला माहीत असतं, रोग कोणता ते पाहायला जाणकार डोळा लागतो. फोनवर ‘झाडं पिवळी पडली’ असं आलं की त्या आठवड्यात माणसाने त्या वावरात जावं. सोंगणीच्या बाबतीत तर याला पर्यायच नाही. सोयाबीन पिकलं, परतीच्या पावसाचे ढग दिसले आणि मजूर मिळाले की वावर दोन दिवसांत मोकळं होतं. कापणी प्रयोगासाठी ठरलेल्या तारखेला पोचलेल्या माणसाला तिथे नुसती गंजी दिसते. सोंगणीच्या आठवड्यात दर दोन दिवसांनी एक फोन, ‘केव्हा लावताय?’ एवढाच, तर दोरी आणि तराजू घेऊन माणूस वेळेवर पोचतो.

मग थंडीत कापसाच्या वेचण्या, तूर, हरभरा. रब्बीत रात्रीच्या लाइटीवर पाणी देणारा शेतकरी सकाळी झोपलेला असतो. त्याला दहा वाजता फोन करणं म्हणजे उत्तर गमावणं. कोणाला कधी फोन करायचा हे पहिल्या भेटीतच त्याला विचारून लिहून ठेवायचं, आणि घरातल्या बाईसाठी वेगळी वेळ ठरवायची, जेव्हा फोन घरात असतो आणि तिला दोन मिनिटं सवड असते. विक्रीसाठी फोन महिन्याला एक पुरे. २०२४-२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. बाजारभाव हमीभावाखाली पडले की माल घरात ठेवून लोक गरजेपुरता विकतात. थोडं बी-भरणासाठी, थोडं मुलांच्या फीसाठी. अशा विक्रीचा सरासरी दर शेतकऱ्यालाही सांगता येत नाही, पण प्रत्येक वेळचा दर त्याच महिन्यात विचारला तर सांगता येतो.

ज्या घरांत फोन नाही, किंवा नंबर दोनदा बदलला, किंवा उचललाच गेला नाही, त्या घरी माणूस पाठवायचा. हा खर्च वाचवण्याचा मोह होतो आणि तिथेच पाहणी बिघडते. पण इथे एक तांत्रिक खोचही आहे. गरीब घरांची माहिती भेटीतून आणि बऱ्या घरांची फोनवरून आली, आणि दोघांच्या उत्तरांत फरक दिसला, तर तो फरक गरिबीचा की विचारण्याच्या पद्धतीचा? हे वेगळं करायचं तर फोन असलेल्या घरांपैकीही काही घरं चिठ्ठीने निवडून त्यांना तेच प्रश्न प्रत्यक्ष भेटीत विचारावे लागतात. त्यांची उत्तरं फोनवाल्या घरांशी ताडून पाहिली की पद्धतीमुळे पडणारा फरक मोजता येतो. आपल्या बहुतेक पाहण्यांत ही पायरी गाळली जाते.

महाराष्ट्र शासनाने फोन आणि भेट यांची अशी सांगड आधीच घातलेली आहे, फक्त तिला कोणी त्या नावाने ओळखत नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. सातबाऱ्याच्या गाव नमुना बारामधली पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर, फोटोसह करायची आणि तलाठ्याने त्यातल्या काही नोंदी शेतात जाऊन तपासायच्या. राहिलेल्या वावरांसाठी पुढे गावोगावी सहायक नेमले गेले. पीकविम्यातही बरीच वर्षं अतिवृष्टी, गारपीट झाली की ७२ तासांच्या आत फोनवर किंवा ॲपवर कळवायचं आणि मग प्रतिनिधीने येऊन पाहणी करायची, असा नियम होता. २०२५ च्या खरिपापासून राज्यात भरपाईचा मुख्य आधार पीक कापणी प्रयोगातून निघणारं उत्पादन हा झाला, म्हणजे वजन पुन्हा दोरी आणि तराजूकडे आलं.

ई-पीक पाहणीतलं मोठं छिद्र मक्त्याच्या शेतीचं आहे. नोंद खातेदाराच्या नावाने होते, कसणारा दुसराच असतो. पैसा, खत, कष्ट त्याचे, आणि कागदावर तो कुठेच नाही. पाहणीवाल्याने पारावर, चार लोकांत ‘ही जमीन कोणाची?’ विचारलं तर तो गप्प बसतो, कारण मालकाला ते रुचणार नाही. अशा प्रश्नासाठी फोन बरा, घरात एकट्याने बोलता येतं. अट एवढीच की समोरचा आवाज ओळखीचा हवा. अनोळखी नंबर आला, त्याने जमीन नि बँकेचं नाव काढलं, तर आज कुठलाही सुजाण माणूस फोन कापतो, आणि ते बरोबरच आहे. ओटीपीच्या फसवणुकीत गेलेल्या पैशांच्या गोष्टी प्रत्येक गावात आहेत. म्हणून पहिल्या भेटीत घरी आला त्याच माणसाने पुढे वर्षभर फोन करावा, तोही वऱ्हाडी बोलणारा असावा. नंबर त्या दिवशीच समोर बसून सेव्ह करून द्यावा, आणि आधार, बँक खातं, ओटीपी यांतलं काहीही कधी विचारणार नाही, हे घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगावं.

वर्षाची शेवटची भेट एप्रिलमध्ये. तोवर त्या घराबद्दल पाहणी करणाऱ्यांकडे जेवढी माहिती साठलेली असते तेवढी त्या शेतकऱ्याकडेही लिखित नसते: कुठल्या वावराला किती खर्च आला, कुठल्या फवारणीने काय दिलं, कोणत्या महिन्यात विकलेल्या मालाला काय दर पडला. हा हिशेब मराठीत, एका कागदावर छापून त्या घरी द्यायला हवा, आणि गावाची सरासरी नावं गाळून ग्रामसभेत वाचून दाखवायला हवी. आकडा चुकला असेल तर सांगणारे तिथेच बसलेले असतात, आणि दुसऱ्या वर्षी फोन उचलायचं कारणही त्यांना त्यातून मिळतं. त्या कागदातला एकरी खर्चाचा आकडा मात्र पुढच्या बियाण्याच्या पिशव्या घेण्याआधी, पीककर्ज नव्याने करण्याआधी, म्हणजे मेच्या पहिल्या पंधरवड्याच्या आत घरोघरी पोचला पाहिजे. जूनमध्ये पोचला तर वर्ष वाया गेलं.